१/३२ मापाचं रेझिनचं साब व्हिगेन: डबा उघडण्यापासून शोकेसपर्यंत

प्लॅस्टिकची विमानं जोडून हात चांगला बसला, की कधी ना कधी मोठ्या मापाच्या रेझिन किटवर (साच्यात रेझिन ओतून केलेल्या भागांच्या संचावर) नजर जातेच. डबा हातात घेतला की आधी जाणवतं ते वजन. मग भाग एकमेकांना लावून बघताना लक्षात येतं, की प्लॅस्टिकच्या किटमध्ये असतात तशा खुंट्या आणि भोकं इथे फारशी नाहीत. एक कड दुसऱ्या कडेला टेकवायची आणि ती सरळ कशी राहील हे आपण बघायचं. म्हणून रेझिनच्या मॉडेलचा निकाल गोंद लावण्याआधीच लागलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. धुणं, कापणं, वाक काढणं, पिना घालणं आणि पुन्हापुन्हा बिनगोंदाचं जोडून बघणं यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

उदाहरणासाठी साब ३७ व्हिगेन घेतलंय. स्वीडिश हवाई दलाचं हे लढाऊ विमान ८ फेब्रुवारी १९६७ रोजी पहिल्यांदा उडालं आणि २००५ पर्यंत सेवेत होतं. जेटमॅड्सने ते १/३२ मापात संपूर्ण रेझिनमध्ये आणलं आहे. पण पुढची कृती या मापाच्या कुठल्याही रेझिन जेटला चालेल. व्हिगेनमध्ये आपल्याला रस वाटावा असं आणखी एक कारण आहे. १९७०च्या दशकात भारतीय हवाई दल शत्रूच्या हद्दीत खोलवर मारा करणारं विमान शोधत होतं, तेव्हा व्हिगेनही विचाराधीन होतं. त्याचं आरएम८ इंजिन प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी८डीवरून तयार केलेलं, त्यामुळे ते विकायला अमेरिकेची संमती लागत होती. १९७८ मध्ये अमेरिकेने ती नाकारली आणि आपल्याकडे जग्वार आलं.

खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.६ मीटर, म्हणजे १/३२ मापात साधारण ३३ सेंटिमीटर. लांबी नाकावरच्या प्रोबसकट (पुढे आलेल्या बारीक दांड्यासकट) अर्ध्या मीटरच्या आसपास. कामाच्या टेबलावर एवढी जागा मोकळी आहे का, ते आधी बघा.

डबा उघडल्यावर

पहिल्या दिवशी काहीही कापायचं नाही. सूचनापत्रक समोर ठेवून प्रत्येक भागावर खूण करत जा. एखादा भाग कमी असेल, तुटला असेल, अर्धवट भरला गेला असेल तर त्याचा फोटो काढून विक्रेत्याला लगेच कळवा. रेझिनची किटं थोड्या संख्येत निघतात, वर्षभराने सुटा भाग मिळेलच असं नाही.

मग प्रत्येक मोठा भाग खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. पंख वाकलाय का, कडेला हवेचे बुडबुडे आहेत का, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत का हे पेन्सिलने तिथेच गोल करून ठेवा. डेल्टा पंख काचेच्या तुकड्यावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं, की दुसरा कोपरा उचलतो का ते कळतं.

धुळीची काळजी

हा भाग वाचून सोडून देऊ नका. घासलेल्या रेझिनची धूळ फार बारीक असते, नाकातोंडाला आणि फुप्फुसांना ती बाधते. घासायचं ते पाण्यातच: वॉटर पेपर ओला, भाग ओला, बाजूला पाण्याचं भांडं. करवतीने कापताना किंवा रोटरी टूल चालवताना एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. सांडलेली धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मुलं असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका आणि कामाचे कपडे वेगळे ठेवा. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांवर कधीकधी चिकटपणा राहिलेला असतो, म्हणजे रेझिन पूर्ण कडक झालेलं नसतं. असा भाग हातमोजे घालूनच हाताळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली कडक होऊ द्या.

धुणं

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला मोल्ड रिलीज पृष्ठभागावर राहतो. तो निघाला नाही तर रंग मास्किंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा उचलून येतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाका, भाग थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मऊ टूथब्रशने पॅनेल लाइनच्या (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषांच्या) दिशेने घासा. बारीक भाग पिठाच्या चाळणीत धुवा, नाहीतर मोरीतून वाहून जातील.

धुवून झालं की भाग नळाखाली धरा. पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर भाग स्वच्छ. कुठे पाणी फाकून थेंब-थेंब होऊन थांबलं, तर तिथे रिलीज अजून आहे. त्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवा. व्हिगेनच्या धडावर हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या आतल्या कोपऱ्यात हे हमखास होतं. तिथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून काडीला कापूस गुंडाळून घासावं लागतं.

ठोकळे कापणं

बऱ्याच भागांना ओतकामाचा ठोकळा चिकटून येतो. तो चिमट्याने तोडायचा नाही. रेझिन ठिसूळ असतं, ठोकळ्याबरोबर भागाचा टवका निघतो. बारीक दातांची रेझर सॉ घ्या, कापायच्या रेषेवर आधी कटरने हलकी खाच पाडा, मग करवत पाण्यात बुडवून सावकाश चालवा. भागाच्या कडेला लागून कापू नका, अर्धा मिलिमीटर मागे कापा. उरलेलं काचेवर ताणून चिकटवलेल्या वॉटर पेपरवर घासून सपाट करा: आधी ३२० नंबर, मग ६००. घासताना भाग गोल-गोल फिरवला आणि मधेमधे उलट धरला, तर एक बाजू जास्त झिजत नाही.

ठोकळा कुठे संपतो आणि भाग कुठे सुरू होतो ते नीट ओळखा. इजेक्शन सीटच्या खाली किंवा चाकाच्या खोबणीच्या मागे तो भागाचाच वाटतो. शंका असेल तिथे धडाशी लावून बघितल्याशिवाय करवत चालवू नका.

वाक काढणं

वाकलेला पंख हाताने उलट वाकवला तर तो मोडेल, किंवा आठवड्यात परत वाकेल. ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात भाग मिनिटभर ठेवा. तो मऊ पडतो आणि बहुतेकदा आपणहूनच सरळ व्हायला बघतो. मग काचेवर सपाट ठेवून वरून दुसरी काच हलक्या वजनाने दाबा आणि थंड पाणी घाला. उकळतं पाणी नको, पातळ कडा त्यात विरघळल्यासारख्या लोळतात. वाक पक्का असेल तर हे दोनदा करावं लागतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलेले पातळ भाग नुसत्या उष्णतेनेही वाकतात. न जोडलेलं किट सपाट, सावलीत आणि पंखांवर काही न ठेवता ठेवा.

भोकं आणि बुडबुडे

सुईच्या टोकाएवढ्या भोकांना सुपरग्लू पुरतो. मोठ्या बुडबुड्याची तोंडं आधी चाकूच्या टोकाने मोकळी करा, नाहीतर गोंद वरच बसतो आणि आत हवा राहते. सुपरग्लूत टाल्कम पावडर मिसळून केलेली लापशी रेझिनइतकीच कडक होते, तिच्यावर रेषाही नीट कोरता येतात. मात्र ती भरल्यावर त्याच बैठकीत घासा. दुसऱ्या दिवशी गोंद आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक होतो आणि घासताना तिथे उंचवटा राहतो. नळ बसवताना वापरतात ते एम-सील इथे जाड पडतं, पोत खरखरीत राहतो. मोठी पोकळी भरायची असेल तर मिलिपुटसारखी बारीक पोताची इपॉक्सी पुट्टी आणा.

गोंद आणि पिना

प्लॅस्टिक जोडायचा सिमेंट रेझिनवर काहीही करत नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो. रेझिनला सुपरग्लू किंवा दोन ट्यूबांचा इपॉक्सी लागतो. माझी वाटणी अशी असते: जिथे भाग पाहिजे तसा सरकवायला वेळ हवा तिथे इपॉक्सी, आणि जिथे भाग आधीच पक्का बसलाय तिथे फटीतून पातळ सुपरग्लू. मोठ्या जोडाला पाच मिनिटांत आवळणारं फास्ट अ‍ॅराल्डाइट अपुरं पडतं, सावकाश वाळणारं घ्या. रात्रभर ठेवायचं आणि सकाळीच हात लावायचा.

पंख, कॅनार्ड (मुख्य पंखांच्या पुढचे छोटे पंख) आणि उभी शेपटी यांना नुसत्या गोंदावर सोडू नका. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) धडात आणि पंखात समोरासमोर भोकं पाडा आणि पितळेची सळी घाला. पंखासाठी २ मिलिमीटरची, कॅनार्डसाठी १ मिलिमीटरची पुरते. समोरासमोर भोक कसं पाडायचं, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. एका बाजूला भोक पाडून त्यात पिन घाला, पिनेचं टोक मिलिमीटरभर बाहेर ठेवा, टोकावर ओला रंग लावा आणि दुसरा भाग नेमक्या जागी टेकवा. रंगाचा ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक. ते पिनेपेक्षा थोडं मोठं पाडा, म्हणजे कोन सुधारायला वाव राहतो आणि उरलेली जागा इपॉक्सी भरून काढतो.

आतलं काम आधी

कॉकपिट, इनटेकच्या नळ्या आणि मागचं नोझल हे तिन्ही धड मिटण्याआधी रंगवून पूर्ण करावे लागतात. व्हिगेनचं कॉकपिट निळसर हिरव्या रंगाचं, स्वीडिश विमानांची ती ओळखच आहे. आतला रंग काळा-करडा ठेवलात तर बाहेर कितीही मेहनत घ्या, विमान व्हिगेन दिसणार नाही.

कॉकपिटची पेटी धडात बसत नाही, ही रेझिन किटची नेहमीची तक्रार. पेटी घासू नका, कारण तिच्यावरचं कोरीव काम आपल्याला हवंय. धडाची भिंत आतून पातळ करा. रोटरी टूल सगळ्यात कमी वेगावर ठेवा, थांबून-थांबून घासा आणि दर वेळी भाग उजेडासमोर धरा. रेझिनमधून उजेड दिसायला लागला, की थांबायची वेळ झाली. इथे मास्क काढायचा नाही.

इनटेकच्या नळीतला जोड बाहेरून सहज नजरेत येतो. त्यात पातळ केलेलं मिस्टर सरफेसर (जाडसर प्रायमर) ओता, नळी गोल फिरवा, जास्तीचं ओतून टाका. दोनतीन थरांत जोड बुजतो.

वजन आणि पाय

मोठ्या रेझिन जेटचा जीव त्याच्या पायात असतो. व्हिगेनच्या दोन मुख्य पायांवर चाकं शेजारी-शेजारी नाहीत, एकामागे एक आहेत. रस्त्यावरच्या तात्पुरत्या धावपट्ट्यांवर जोरात आपटून उतरणारं विमान म्हणून खऱ्या विमानाचे पायही तसेच दणकट होते. मॉडेलमध्ये पाय धातूचे नसतील, तर आत पितळेची सळी घालून घ्या. पांढऱ्या मऊ धातूचे पाय वर्षभरात सावकाश फाकतात, पितळेचे किंवा ब्राँझचे फाकत नाहीत.

धड कायमचं मिटवण्याआधी सगळं मॉडेल मास्किंग टेपने तात्पुरतं जोडा आणि मुख्य पायांच्या जागी खाली आडवी पेन्सिल ठेवा. नाक उचललं, तर नाकात वजन लागेल. शिशाचे तुकडे किंवा टंगस्टनची पुट्टी इपॉक्सीने बसवा. गरजेपेक्षा थोडं जास्त घाला, पण पोतंभर नको, कारण ते वजन पुढच्या पायावर येणार आहे. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

पाय बसवताना मॉडेल काचेवर उभं करा आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे पट्टी आत जाते, ते चाक हवेत आहे. एकामागे एक चाकांमुळे इथे नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. इपॉक्सी ओला असतानाच हे करायचं, नंतर काही करता येत नाही.

सरळ रेषा

पंख बसवताना डोळ्यावर विसंबू नका. पंखाच्या टोकापासून उभ्या शेपटीच्या माथ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोऱ्याने मोजा, दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. मग पंखाच्या टोकाची टेबलापासूनची उंची दोन्ही बाजूंना मोजा. कॅनार्ड मुख्य पंखाच्या वर आणि जवळ असतात, त्यामुळे जरासा तिरपेपणाही समोरून बघताना चटकन खटकतो. कॅनार्ड मुख्य पंख पूर्ण वाळल्यावरच लावा. मुख्य पंख ही मोजण्याची पायरी आहे, तीच हलत असेल तर बाकीचं मोजून उपयोग नाही.

जोड भरून झाले की गेलेल्या पॅनेल लाइन पुन्हा कोराव्या लागतात. जाड टेपची कड पट्टीसारखी धरा आणि स्क्राइबर अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने, चारपाच वेळा फिरवा. रेझिनमध्ये जोर लावला की रेषा सोडून हत्यार घसरतं.

प्रायमर, आणि पावसाळा

करड्या रंगाचा लॅकर प्रायमर रेझिनला चांगला धरतो. मिस्टर सरफेसर १२०० किंवा १५०० एअरब्रशने दोन पातळ थरांत मारा. प्रायमर हा तपासणीचाही टप्पा आहे. ज्या जोडाला तुम्ही तयार समजत होता, तो इथे उघडा पडतो. घासा, भरा, पुन्हा मारा.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर मारताना पृष्ठभागावर पांढरट धुकं येतं. हवेतला ओलावा ओल्या रंगात अडकतो म्हणून हे होतं. रिटार्डर असलेला (रंग सावकाश वाळवणारा) थिनर वापरा, एसीच्या खोलीत काम करा, किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबा. खिडकी मात्र बंद करून फवारू नका. एक्झॉस्ट पंखा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसाचा मास्क हवा. एन-९५ धुळीला चालतो, वाफांना नाही.

चार रंगांची वेषभूषा

व्हिगेनचं गाजलेलं रूप म्हणजे वरून चार रंगांचे कोनदार तुकडे: फिका हिरवा, गडद हिरवा, मातकट तपकिरी आणि काळपट. खालून निळसर करडा. तुकड्यांच्या कडा धारदार आहेत, त्यामुळे हाताने फवारून भागत नाही. प्रत्येक कडेला मास्क लागतो. हा सगळ्या बांधणीतला सगळ्यात लांब टप्पा आहे, आणि मला सगळ्यात आवडणाराही.

रंगाचा नकाशा १/४८ मापात असेल तर १५० टक्के मोठा करून छापा, १/७२ मध्ये असेल तर २२५ टक्के. छापील कागद मॉडेलवर ठेवून बघा, कारण धडाच्या गोलाईवर सपाट नकाशा कमी पडतो आणि तिथे रेषा हाताने ओढून मिळवाव्या लागतात. डाव्या पंखावरचा तुकडा उजव्यावर उलटा करून येत नाही, दोन्ही बाजू वेगळ्या आहेत.

आधी खालचा करडा मारून झाका. मग वर सगळीकडे फिका हिरवा मारा. जिथे तो राहायला हवा ते तुकडे टेपने झाका. मग तपकिरी, तो झाका. मग गडद हिरवा, तो झाका. शेवटी काळपट. फिक्याकडून गडदाकडे गेलं की प्रत्येक रंग खालच्याला सहज झाकतो. एअरब्रशला ०.३ मिलिमीटर नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ रंग. टेप चिकटवल्यावर कडेवर आधी खालचाच रंग हलका फवारा. तो टेपच्या फटीत शिरून ती बंद करतो, म्हणजे नवा रंग आत झिरपत नाही. थर जाड होऊ देऊ नका, चार रंगांच्या पायऱ्या बोटाला लागता कामा नयेत. सगळी टेप एकाच दिवशी काढा, पाठीमागे दुमडून, सावकाश.

डिकल आणि मळकटपणा

ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर) पूर्ण वाळल्यावर डिकल, म्हणजे पाण्याने चिकटवायची छापील चिन्हं, लावा. आधी जास्तीच्या एखाद्या डिकलवर सेटिंग सोल्युशन (डिकल मऊ करून बसवणारं द्रावण) तपासून बघा, काही डिकल त्याने सुरकुततात. स्वीडनचं चिन्ह निळ्या वर्तुळात तीन पिवळे मुकुट, बाहेर पिवळी कड. नाकाजवळचा आकडा तळाचा असतो. एफ ७ सोतेनेस हा व्हिगेन मिळालेला पहिला तळ, तेव्हा ७ आकडा लावणार असाल तर सुरुवातीच्या काळातलं रूप शोभून दिसेल.

मळकटपणा कुठे द्यायचा ते विमानाच्या कामातून ठरवा. व्हिगेन जमिनीला टेकलं, की नाकाच्या पायावर भार येताच नोझलमधली झापं बंद होत आणि इंजिनाचा झोत मागच्या फटींतून पुढच्या दिशेला फेकला जाई, म्हणजे ५०० मीटरच्या रस्त्यावरही विमान थांबे. त्या झोताची काजळी धडाच्या मागच्या भागावर आणि शेपटीच्या बुडाशी बसे. तिथे काळपट-तपकिरी पातळ रंग थरावर थर चढवा. बाकी विमान स्वच्छच ठेवा. सगळीकडे सारखा चिखल माखलेलं व्हिगेन खोटं वाटतं.

कॅनपी आणि शोकेस

पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू नेऊ नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. पांढरा वुड ग्लू किंवा पारदर्शक इपॉक्सी वापरा. पारदर्शक रेझिनची कॅनपी (कॉकपिटवरचं झाकण) ऊन लागलं की पिवळी पडते, त्यामुळे शोकेस खिडकीसमोर नको.

प्रोब, अँटेना आणि चाकांची दारं सगळ्यात शेवटी. शोकेस बनवायला देताना लांबी प्रोबसकट मोजा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर सोडा. मॉडेल बरेच महिने डब्यात बंद राहणार असेल, तर पोटाखाली, मुख्य पायांच्या थोडं पुढे, फोमचा ठोकळा असा द्या की चाकं तळाला जेमतेम टेकतील.